मदत हवी आहे: २४०.०.०.० चे पत्ते वापरले तर बागेतले कॅमेरे बाहेरून दिसतील का?

खाडीकाठ (देवगड): तालुक्यात फायबरची ७०० कनेक्शनं आहेत, पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारे पत्ते) फक्त १६. ग्राहकांना पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडणी देण्याची पद्धत) १० ने सुरू होणारे, फक्त आतल्या नेटवर्कात चालणारे पत्ते देतो. वरच्या पुरवठादाराच्या आतही तेच पत्ते असल्याने रूट (पॅकेट कुठे पाठवायचं त्याच्या वाटा) एकमेकांवर चढतात. शिवाय कलमांच्या बागेतले डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी) मुंबईत बसलेल्या मालकांना दिसत नाहीत. २४०.०.०.०/४ मधले २६.८ कोटी पत्ते राखीव म्हणून पडून आहेत, ते खुले करा असा प्रस्ताव वाचला. आपल्याच नेटवर्कात वापरू का?

माडबन: नको. लिनक्स २००८ पासून हे पत्ते घेतं, पण विंडोज घेत नाही, आणि जुने राउटर असं पॅकेट आलं की गुपचूप टाकून देतात. लिनक्स लॅपटॉपवरून पिंग लागतं, ग्राहकाच्या पीसीवरून लागत नाही, आणि दोष मात्र फायबरवर येतो. जॉन गिलमोर आणि सेथ शोएन यांनी तर १२७ ने सुरू होणारे, संगणकाने स्वतःशीच बोलण्यासाठी राखलेले १.६७ कोटी पत्तेही बहुतांश मोकळे करा असं सुचवलं. हिशोबात चूक नाही. पण जगातल्या प्रत्येक राउटरने ते मानेपर्यंत बाहेरून त्यांच्यापर्यंत कोणी पोचणार नाही. म्हणजे तुमच्यासाठी २४० आणि १० सारखेच. आतले पत्ते तुम्हाला कमी पडतच नाहीत, कमी आहेत ते पब्लिक.

रूटच्या भांडणावर १००.६४.०.०/१० घ्या. हे ४१.९ लाख पत्ते २०१२ पासून याच कामासाठी, म्हणजे पुरवठादाराने अनेक ग्राहकांना एका पब्लिक आयपीमागे ठेवण्यासाठी, राखून ठेवलेत. फक्त वरचा पुरवठादारही तेच वापरत नाही ना, ते आधी विचारा.

एका पब्लिक आयपीमागे ६४ ग्राहक धरा, प्रत्येक ग्राहकाला १००८ पोर्ट (एकाच आयपीवरच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचे क्रमांक) ठरवून द्या. ७०० ग्राहकांना ११ आयपी पुरतात, ५ उरतात. पोर्टचे गट पक्के असले की कोण कुठला पत्ता वापरत होता याचा लॉगही आटोपशीर राहतो.

खाडीकाठ: आणि डीव्हीआर?

सागरवेल: त्याला खरा उपाय आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, जिच्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतो. आयआरआयएनएनकडून (भारतात आयपी पत्ते वाटणारी संस्था) /३२ हा मोठा गट घ्या, त्यातला /५६ हा छोटा गट प्रत्येक घराला द्या. मात्र ग्राहकाच्या राउटरवर बाहेरून येणारं सगळं बंद ठेवून डीव्हीआरचं एकच पोर्ट उघडा, नाहीतर बागेतला कॅमेरा अख्ख्या जगाला उघडा.

डीव्हीआर जुना, फक्त आयपीव्ही४ वाला असेल तर पब्लिक आयपी असलेला छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्या आणि बागेतल्या राउटरवरून त्याला वायरगार्डचा (सुरक्षित बोगदा, म्हणजे व्हीपीएन) जोड द्या. कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारं छोटं पॅकेट) २५ सेकंद ठेवा, नाहीतर नॅटमधली (अनेकांना एका पब्लिक आयपीमागे ठेवणारी यंत्रणा) नोंद पुसली जाते आणि बाहेरून हाक मारली तरी कोणी ओ देत नाही.

माडबन: एमटीयूही (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) बघा. वायरगार्ड आपणहून १४२० धरतं. तुमच्या पीपीपीओईची १४९२, त्यातून वायरगार्डच्या वेष्टनाचे ८० वजा केले की १४१२ उरतात. दोन्ही टोकांना १४१२ टाका. १४२० तसंच ठेवलंत तर लॉगिन होतं, कॅमेऱ्यांची यादी येते, आणि चित्र मात्र अडकून बसतं.