मंदा मावशींचा खराटा कोणाकडे आहे?

सावंत काका ए-२०२: नमस्कार. मंदा मावशींचा लांब दांड्याचा खराटा कालच्या तालमीनंतर दिसत नाही. ज्यांनी नेला असेल त्यांनी वॉचमन केबिनमध्ये आणून ठेवावा. 🙏

मनीषा बी-३०२: खराट्याचं नंतर बघू काका. वझे सर, मला ग्रुपवरच विचारायचंय, कारण समोर विचारलं की विषय बदलतो. ईराला चेटकीण का?

मनीषा बी-३०२: गेल्या वर्षी झाड. त्याच्या आधी राक्षसाचा शिपाई. शिवजयंतीला दोन तास मशाल धरून उभी. आणि यंदा चेटकीण.

वझे सर सी-१०३: मनीषाताई, चेटकीण म्हणजे नाटकाचा कणा. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचायला हवा. बारा मुलांत तो फक्त ईराकडे आहे. आमच्या काळात ही भूमिका मिळावी म्हणून भांडणं व्हायची.

मुकुंद सी-४०२: आत्ताही होतायत सर, फक्त न मिळावी म्हणून 😄

प्रधान काकू ए-५०१: गणपतीत चेटकीण कशाला मुळात? आपल्याकडे काय गोष्टी कमी आहेत? भक्त प्रल्हाद बसवा.

तन्मय सी-५०४: प्रल्हादात होलिका आहे काकू. ती लहान मुलाला घेऊन आगीत बसते.

प्रधान काकू ए-५०१: मोठ्यांशी असं बोलतात का?

वझे सर सी-१०३: प्रधान वहिनी, मराठी बालरंगभूमीची सुरुवातच चेटकिणीने झाली असं म्हटलं तरी चालेल. १९५९, 'मधुमंजिरी', रत्नाकर मतकरींचं नाटक. सुधा करमरकर स्वतः चेटकीण करायच्या. पुढे 'अलबत्या गलबत्या'त दिलीप प्रभावळकर. २०१८ मध्ये तेच नाटक परत आलं तेव्हा वैभव मांगले. त्या नाटकाची आठवण काढा, आधी चेटकीणच आठवते.

मनीषा बी-३०२: सर, ते नटाला मिळणारं कौतुक झालं. मी आठ वर्षांच्या मुलीबद्दल बोलतेय, जिला सोमवारी शाळेत जायचंय.

सावंत काका ए-२०२: मंदा मावशींचा लांब दांड्याचा खराटा. कृपया वॉचमन केबिन.

ऋता सी-१०३: मनीषाताई, मी थोडं बोलू का? बाबांनी माझ्याच सांगण्यावरून ही गोष्ट घेतली, त्यामुळे दोष माझ्याकडे. मूळ गोष्ट ऑझ नावाच्या जादुई देशाची. एल. फ्रँक बॉमचं पुस्तक, १९०० सालचं. त्यातली पश्चिमेची दुष्ट चेटकीण हिरवी नाहीच. तिला एकच डोळा आहे आणि तो दुर्बिणीसारखा लांबचं बघतो.

मुकुंद सी-४०२: म्हणजे पार्किंग कमिटी.

ऋता सी-१०३: 😄 हिरवी झाली ती १९३९ च्या सिनेमात. रंगीत चित्रपटाचं अप्रूप होतं, पडद्यावर रंग उठून दिसायला हवेत. पुस्तकातले चांदीचे बूट त्याच हिशेबाने माणकांसारखे लाल झाले. मग १९९५ मध्ये ग्रेगरी मॅग्वायरने कादंबरी लिहिली आणि विचारलं, ही बाई दुष्ट आहे हे ठरवलं कोणी? त्यावरून 'विकेड' हे संगीत नाटक, ब्रॉडवेवर २००३ पासून. त्यात ती जन्मतःच हिरवी. हुशार आहे, पण लोक आधी कातडी बघतात. नाटकाची खरी नायिका तीच. ईराला मिळालंय ते हे काम.

मनीषा बी-३०२: छान आहे गोष्ट. मग आता ऐक. शनिवारी हॉलमध्ये रंगाची चर्चा चालू होती. कोणीतरी म्हणालं, "ईराला बरं, हिला रंग कमी लागेल." सगळे हसले. ईरासुद्धा हसली. घरी येऊन मला विचारते, आई, कमी का लागेल?

मनीषा बी-३०२: कोण म्हणालं ते मी लिहीत नाही. त्या याच ग्रुपवर आहेत.

सेक्रेटरी नाईक बी-७०१: सर्व सभासदांना विनंती, वैयक्तिक उल्लेख टाळावेत.

मनीषा बी-३०२: नाईकसाहेब, मी टाळलाच आहे.

मुकुंद सी-४०२: (हा मेसेज डिलीट केला आहे)

प्रधान काकू ए-५०१: हल्ली साधी थट्टासुद्धा करायची सोय राहिली नाही. मी तर लहानपणापासून मुलींना दुधाची साय लावायला सांगते, त्यात वाईट काय?

शिल्पा ए-६०४: विषय निघालाच आहे तर माझंही. मिहिकाला परीचं काम म्हणून आम्ही हो म्हटलं. साडेतीन हजारांचा गुलाबी गाऊन आणला. कालच्या तालमीत ऋता तिला 'चांगली चेटकीण' म्हणायला लावत होती. हे आधी सांगायला हवं होतं. माझी मुलगी परी आहे.

ऋता सी-१०३: शिल्पा, अगं सगळी मेखच तिथे आहे. ग्लिंडा, म्हणजे मिहिकाचं पात्र, परी नाही. ऑझमध्ये चेटकिणी चांगल्याही असतात, वाईटही. 'विकेड'मध्ये तर दोघी एकाच कॉलेजात, एकाच खोलीत राहतात, विद्याही एकच शिकतात. पुढे एकीला लोक चांगली म्हणतात, दुसरीला दुष्ट. बाबांनी संहितेत एकीला परी केलं की संपलं. परी चांगलीच असणार आणि चेटकीण वाईटच, मग उरलं काय सांगायला?

वझे सर सी-१०३: ऋता, मी नाइलाजाने परी लिहिलं. मराठीत 'चांगली चेटकीण' म्हणजे गोड कारलं. इंग्रजीत एक शब्द दोघींना पुरतो. आपल्याकडे चेटूक आलं की ते कुणावर तरी केलेलंच असतं. हडळ, जखीण, कैदाशीण, एकीलाही 'चांगली' लावून बघ.

तन्मय सी-५०४: जादूगारीण?

वझे सर सी-१०३: ती टोपीतून ससा काढते.

शिल्पा ए-६०४: ते भाषेचं तुम्ही बघा. मिहिकाला चेटकीण म्हणायचं नाही, चांगली लावूनसुद्धा नाही. आजी यायच्यात तिच्या.

मनीषा बी-३०२: वा. तुमच्या मुलीला 'चांगली' लावूनसुद्धा चालत नाही. माझ्या मुलीला नुसतं चालतं.

शिल्पा ए-६०४: मी तसं म्हटलेलं नाही.

सावंत काका ए-२०२: खराटा. आज मागच्या पार्किंगमधला पाचोळा मावशींनी वाकून छोट्या झाडूने काढला. त्यांचं वय बघा.

मुकुंद सी-४०२: काका, १९३९ च्या सिनेमात ऑझचा जादूगारही हेच म्हणतो, चेटकिणीचा झाडू आणून द्या, मग बाकीचं बघू. तुमची मागणी परंपरेला धरून आहे.

सावंत काका ए-२०२: मी चेष्टा करत नाहीये.

डॉ. केतकी ए-१०१: हिरवा रंग कोणता आणलाय? कालच्या फोटोत मला पोस्टर कलरची बाटली दिसली. तो चेहऱ्याला लावायचा नाही. रांगोळी, होळीचा रंग, काहीही नाही. चेहऱ्यासाठीचा, पाण्याने निघणारा रंग घ्या, एक दिवस आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा, डोळ्यांपासून लांब ठेवा.

प्रधान काकू ए-५०१: पालकाचा रस लावा. नैसर्गिक.

मुकुंद सी-४०२: आणि वरून शेव.

डॉ. केतकी ए-१०१: मी गंमत म्हणून सांगत नाहीये. १९३९ च्या सिनेमात चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टनच्या हिरव्या रंगात तांबं होतं. धुरात अदृश्य होण्याच्या प्रसंगात ज्वाळा लवकर उठल्या, तिचा चेहरा आणि हात भाजला. भाजलेल्या कातडीवरून तो रंग लगेच खरवडून काढावा लागला. जवळजवळ सहा आठवडे ती कामावर नव्हती.

शिल्पा ए-६०४: बाप रे.

डॉ. केतकी ए-१०१: ही बाई आधी बालवाडीत शिकवायची. पडद्यावर मुलं तिला बघून रडायची. १९७५ मध्ये ती मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमात साध्या कपड्यांत आली आणि चेटकिणीचा पोशाख त्यांच्यासमोर एकेक करून चढवला. आधी झगा, मग टोपी. बघा, मीच आहे आत.

सेक्रेटरी नाईक बी-७०१: अग्नीचा कोणताही प्रयोग स्टेजवर होणार नाही. इन्शुरन्समध्ये बसत नाही.

तन्मय सी-५०४: पण ईराला उडवायचं ना? पहिल्या अंकाच्या शेवटी ती हवेत जाते, तोच तर सगळ्यात भारी सीन आहे. दहीहंडीचा दोर आहे आपल्याकडे.

सेक्रेटरी नाईक बी-७०१: कोणालाही हवेत उचलायचं नाही.

ऋता सी-१०३: तन्मय, तिकडेही दोराने नाही उडवत. खालून लिफ्ट वर जाते, लांब काळा झगा ती झाकतो, बाकीचं काम प्रकाश आणि धूर करतात. मी लंडनला बघितलं, अपोलो व्हिक्टोरियाला. सगळं माहीत असून अंगावर काटा आला.

मुकुंद सी-४०२: लिफ्टचा विषय निघालाच आहे तर, सी विंगची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबते त्याला आज एकोणीस दिवस झाले.

सेक्रेटरी नाईक बी-७०१: पार्ट मागवला आहे.

मुकुंद सी-४०२: तो ऑझहून येतोय का?

शिल्पा ए-६०४: आणि शेवटी चेटकिणीवर बादलीभर पाणी टाकणार आहेत म्हणे. टँकरचं पाणी?

ऋता सी-१०३: रिकामी बादली, आत निळ्या कागदाचे तुकडे. पाण्याने ती विरघळते ही मूळ पुस्तकातली गोष्ट. 'विकेड'मध्ये मात्र ती विरघळल्याचं नाटक करते, चोरदरवाजातून

तन्मय सी-५०४: ऋता ताई!!! मी 'विकेड' सिनेमाचा दुसरा भाग अजून बघितला नाहीये!!!

ऋता सी-१०३: सॉरी सॉरी. डिलीट करते.

वझे सर सी-१०३: आमच्या नाटकाचा शेवटही फुटला.

पाटील मॅडम बी-१०४: मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही. नोकरीत असताना सहा वर्षं धडगावला होते, नंदुरबार जिल्ह्यात. तिकडच्या पाड्यांवर 'डाकीण' हा शब्द थट्टेत वापरत नाहीत. घरात मूल दगावलं, गुरं मेली, की एखाद्या बाईचं नाव घेतात. बहुतेक वेळा एकटी, विधवा, किंवा जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे अशी. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीला रात्रीतून गाव सोडावं लागलं. मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली, पाटी काढून बसली, हजेरीला मात्र ओ देईना. राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. नाव घेणारे अजून आहेत.

पाटील मॅडम बी-१०४: नाटक करू नका असं मी म्हणत नाही. हसण्यावारी कोणी काही नेलं की मला ती हजेरी आठवते, एवढंच.

ऋता सी-१०३: मॅडम 🙏 बॉमच्या सासूबाई, मटिल्डा गेज, यांनी १८९३ मध्ये हेच लिहिलं होतं. युरोपात चेटकिणी म्हणून मारलेल्या बायका पुष्कळदा जाणत्या होत्या, औषधपाणी करणाऱ्या. जावयाच्या पुस्तकात सात वर्षांनी चांगली चेटकीण आली ती सासूबाईंमुळे असं बरेच अभ्यासक मानतात.

मुकुंद सी-४०२: जावयाने सासूचं ऐकलं, हीच खरी अद्भुतकथा.

वझे सर सी-१०३: मनीषाताई. मी आवाज बघून भूमिका दिली हे खरं आहे. शनिवारी कोण काय बोललं ते माझ्या कानावर नव्हतं.

मनीषा बी-३०२: सर, तुम्ही त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होतात.

प्रधान काकू ए-५०१: शुभ रात्री 🌷 गोड बोलावे, गोड वागावे, माणसे जोडत जावे.

वझे सर सी-१०३: होय. ऐकलं होतं. मला वाटलं, तालीम कशाला थांबवायची. थांबवायला हवी होती.

मनीषा बी-३०२: ठीक आहे.

प्रधान काकू ए-५०१: मनीषा, मी मनात काही ठेवून बोलले नव्हते. उद्या येताना ईराला घेऊन ये, तिच्या आवडीच्या नारळाच्या वड्या करणार आहे.

मनीषा बी-३०२: तिला उद्या क्लास आहे काकू.

ऋता सी-१०३: मी सुचवू का? संहितेत परी नको, चेटकीणही नको. दोघींना नावानेच हाक मारायची. मग 'दुष्ट' हा शब्द पहिल्यांदा गावकऱ्यांच्या तोंडी येऊ दे, दुसऱ्या प्रवेशात. प्रेक्षकांना कळेल की तो तिला चिकटवलाय.

वझे सर सी-१०३: पाच पानं परत लिहावी लागतील. रविवारपर्यंत देतो. मनीषाताई, ईराला विचारा. नको म्हणाली तर मी दुसरी सोय करेन, आवाज असो नसो.

शिल्पा ए-६०४: आणि मिहिकाची वाक्यं? सध्या चार आहेत. त्यात दोनदा नुसतं "हो ना!"

ऋता सी-१०३: वाढतील गं. ग्लिंडाचं काम विनोदी आहे, खूप मोठं आहे. बाबांनी तिला परी केली तिथेच तिची वाक्यं गेली.

वझे सर सी-१०३: सगळं माझ्यावरच.

मनीषा बी-३०२: विचारलं आत्ता. झोपली नव्हतीच. म्हणते करेन, पण हिरवा रंग सगळ्यांसारखाच पूर्ण लावायचा, कमी नाही.

डॉ. केतकी ए-१०१: मी येईन रंग लावायला. कानामागे मीच लावते, तिथला नीट निघत नाही.

मनीषा बी-३०२: तो अजून निघालेला नाही डॉक्टर. शनिवारी कोणीतरी बोट लावून बघितलं होतं तिथे. तीन अंघोळी झाल्या.

डॉ. केतकी ए-१०१: खोबरेल तेल, मऊ कापूस, घासू नका. उद्या संध्याकाळी दाखवा.

सेक्रेटरी नाईक बी-७०१: चर्चा सकारात्मक झाली. वर्गणी ₹१,१०० अद्याप २३ सभासदांची बाकी आहे.

मुकुंद सी-४०२: शुभ रात्री 🌷

सावंत काका ए-२०२: सी विंगच्या गच्चीवर खराटा मिळाला. धन्यवाद. मात्र तिथे एक नाही, दोन आहेत. मावशींचा मी ओळखला, त्याला सुतळी आहे. दुसरा नवा आहे, दांड्याला गुलाबी रिबन बांधलेली आहे. तो कोणाचा?

सावंत काका ए-२०२: गुलाबी रिबनचा खराटा कोणाचा आहे? कृपया वॉचमन केबिनमधून घेऊन जावा.