बिल्ट-इन ओव्हन मायक्रोवेव्हच्याच पॉइंटवर चालेल का?

मीठमसाला: ओव्हनच्या पाटीवर २३० व्होल्ट, ३.१ किलोवॅट लिहिलंय. वायरीला युरोपियन गोल प्लग. कोनाड्याच्या मागे १६ अँपिअरचा पॉइंट आहे, तिथूनच लूप मारून पुढे मायक्रोवेव्हला दिलंय. वायर अडीच एमएमची. वायरमन म्हणतो कन्व्हर्टर लावा, चालेल. लावू का?

सर्किटवाला: नका लावू. त्या गोल प्लगचं अर्थिंग कडेच्या पट्ट्यांमधून मिळतं. साध्या कन्व्हर्टरमध्ये त्या पट्ट्यांना काहीच टेकत नाही. ओव्हन व्यवस्थित तापतो, म्हणून कुणाला कळतही नाही. एलिमेंट (आतली तापणारी कॉइल) लीक झालं की बॉडीत करंट. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडूनच प्लग बदलून १६ अँपिअरचा आयएसआय थ्री-पिन टॉप बसवून घ्या, म्हणजे वॉरंटीचा वाद नको. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. थ्री-फेज घरात भिंतीतली निळी वायर फेजही असू शकते, तेव्हा रंगावर विसंबू नका, मल्टीमीटर लावून बघा.

आता लोड. ओव्हन साडेतेरा अँपिअर, मायक्रोवेव्ह सहा, म्हणजे साडेएकोणीस. १६ चा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच) एवढ्यावर लगेच पडत नाही, तासभरही तग धरू शकतो. तोवर सॉकेट आणि लूपचे स्क्रू तापत राहतात. मग कुणीतरी २५ चा एमसीबी टाकतो. तो सगळ्यात वाईट उपाय, कारण एमसीबी वायर वाचवायला असतो.

डीबीपासून (एमसीबींच्या पेटीपासून) स्वतंत्र लाइन ओढा: तांब्याच्या चार एमएमच्या तीन वायरी (अर्थसुद्धा तेवढीच), १६ चा डबल पोल एमसीबी, वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच). मध्ये जोड नको.

चिमटा: पॉइंट ओव्हनच्या मागे ठेवू नका, शेजारच्या कपाटात घ्या. मागे उष्णता असते, शिवाय प्लग काढायला अख्खा ओव्हन ओढावा लागतो. टॉपमध्ये अर्थची तार थोडी लांब ठेवा. वायर खेचली गेली तर ती शेवटी सुटली पाहिजे. नवा ओव्हन पहिल्यांदा लावल्यावर आरसीसीबी पडला तर बऱ्याचदा एलिमेंटमध्ये ओल धरलेली असते. पण आरसीसीबी बायपास करून वाळवायच्या भानगडीत पडू नका, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून तपासून घ्या.

मीठमसाला: पुढे इंडक्शन हॉबही घ्यायचा आहे. याच नव्या लाइनवर जमेल?

सर्किटवाला: ७.२ किलोवॅटचा असेल तर एकटाच ३१ अँपिअर ओढेल. त्याला सहा एमएमची वेगळी लाइन, ३२ चा डबल पोल आयसोलेटर (लाइन पूर्ण तोडायचा स्विच) आणि प्लगशिवाय थेट टर्मिनलवर कनेक्शन. आधी वीजबिलावरचा मंजूर भार बघा, हॉब नंतर.