पाठीवरचे पक्षी: रापा नुईत जुना धर्म मोडला की मुरला?

रानफूल: रापा नुईवरचा, म्हणजे ईस्टर बेटावरचा, होआ हाकानानाइआ हा मोआई समोरून इतरांसारखाच पूर्वजाचा पुतळा. पाठ मात्र मागाहून कोरलेली: समोरासमोर दोन पक्षीमानव, मध्ये पक्षी, नाचातली वल्ही, योनीचिन्हं. माझ्या मते हा नव्या पंथाने जुन्या धर्मावर मिळवलेला सरळसरळ ताबा आहे. वंशाच्या जोरावर राज्य करणारे अरिकी मागे पडले, लढवय्ये मातातोआ वर आले आणि माकेमाके देव पुढे आला. मोतू नुई या जवळच्या छोट्या बेटावरून मानुतारा या समुद्रपक्ष्याचं पहिलं अंडं ज्याचा माणूस पोहत आणेल, तो वर्षभर तांगाता मानू, म्हणजे पक्षीमानव. मान जन्माने नाही, अंड्याने! १७२२ मध्ये डच दर्यावर्दी रोखेफेनच्या लोकांनी मोआईंपुढे जाळ पेटवून चाललेली पूजा पाहिली. १७७४ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकला काही मोआई पडलेले दिसले. याहून स्पष्ट काय हवं?

दर्यावर्दी: मला नाही पटत. ज्याचा धर्म मोडायचा, त्याचा पुतळा कोणी ओरोंगोच्या, म्हणजे पक्षीमानवाच्या विधींच्या गावातल्या, दगडी घरात ठेवेल? १८६८ मध्ये इंग्रजांनी नेला तेव्हा तो तिथे अर्धा पुरलेला होता, पाठीवर लाल-पांढरा रंग होता. बाहेर अहूंवरचे, म्हणजे दगडी चौथऱ्यांवरचे, मोआई पालथे पडले, हा आत उभा राहिला. द्वेष असता तर आधी तोंड फोडलं असतं. पूर्वजाची 'माना', त्याची शक्ती, नव्या देवाला जोडून घेतली, असं मी म्हणेन. आणि विजेते राहायचे कुठे? काही जण रानो राराकूपाशी, जिथे मोआई घडवले त्याच खाणीजवळ.

रानफूल: खाणीचं मान्य, ते माझ्या ध्यानात नव्हतं. पण जपणं वेगळं आणि मानणं वेगळं. जिंकून आणलेली वस्तूही माणूस घरात जपतो.

ओहोटी: तुमच्या वादात १८६२ कुठेच नाही! पेरूच्या गुलाम-धाडींनी बेट लुटलं, परत आलेल्या मूठभरांबरोबर देवीची साथ आली. १८६४ मध्ये युजेन एरो हा मिशनरी पोहोचला. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसं उरली होती. पक्षीमानवाची प्रथा त्याच धामधुमीत संपली, चित्रांचा अर्थ सांगणारे जाणतेही गेले. खरी तोड ती. त्याआधीच्या बदलाला 'धर्म मोडला' म्हणणं मला जड जातं.

दर्यावर्दी: पटलं. तरी दगड अजून बोलतो. ओरोंगोच्या कातळावर पक्षीमानव शेकड्यांनी आहेत, आणि त्यांतल्या काहींवर नंतर योनीचिन्हं कोरलेली आहेत. खालची जुनी रेघ अजून दिसते. होआ हाकानानाइआची पाठ मी त्याच सवयीने वाचतो.