थेरपिस्टांसाठी वर्णद्वेषविरोधी अभ्यास: काय वाचावं, काय वापरावं, सराव कसा करावा?

तिसरी_खुर्ची

नमस्कार मंडळी. अमेरिकेत प्रॅक्टिस करणाऱ्या पाच थेरपिस्टांचा अभ्यासगट आहे. दर पंधरा दिवसांनी ९० मिनिटं, सहा महिने, म्हणजे साधारण १२ बैठका. पाचही जण भारतीय वंशाचे. क्लायंटमध्ये कृष्णवर्णीय, लॅटिनो, गोरे, मिश्रवंशीय असे सगळे आहेत. एक दिवसाची कार्यशाळा आणि ऑनलाइन इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट (सुप्त पूर्वग्रह मोजणारी चाचणी) सगळ्यांची झाली आहे, पण त्यामुळे सेशनमध्ये नेमकं काय बदललं हे कुणालाच सांगता येत नाही.

'वर्णद्वेष म्हणजे काय' इथून सुरू होणारे लेख नकोत. १२ बैठकांत पुरं होईल इतकंच साहित्य, इनटेकच्या (क्लायंटच्या पहिल्या माहिती-भेटीच्या) वेळी वापरता येतील अशी साधनं, आणि वाचलेलं ऐन सेशनमध्ये तोंडातून बाहेर कसं पडेल याची काही पद्धत, एवढं हवं आहे.

---

ओल_आणि_मूळ

आधी त्या टेस्टबद्दल. ती एकेका माणसाचं निदान करायला बनवलेली नाही. तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा बसला तर निकाल बराच वेगळा येऊ शकतो. शिवाय सुप्त पूर्वग्रह कमी करणाऱ्या नऊ उपायांची एकत्र तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ६,०००हून जास्त विद्यार्थी होते. नऊच्या नऊ उपायांचा परिणाम लगेच दिसला आणि काही तासांत, फार तर काही दिवसांत, ओसरला. तेव्हा कार्यशाळेनंतर काही बदललं नाही याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. मात्राच अपुरी होती.

१२ बैठकांची वाटणी मी अशी करेन: दोन इतिहासाला, तीन मूल्यमापन आणि निदानाला, पाच सरावाला, दोन स्वतःच्या फायली तपासायला. बहुतेक गट उलटं करतात. दहा बैठका वाचन चालतं, सरावाची वेळ येईपर्यंत निम्मे लोक गळालेले असतात आणि उरलेल्यांची चर्चा 'पुस्तक कसं वाटलं' इथेच फिरत राहते.

इतिहास टाळू नका, कारण क्लायंटचा अविश्वास त्याशिवाय नीट वाचताच येत नाही. तीन टप्पे पुरेत. पहिला १८५१चा. सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला 'ड्रेपटोमेनिया' असं आजाराचं नाव दिलं आणि त्यावर चाबकाचा उपाय सुचवला. दुसरा टस्कीगीचा. १९३२ ते १९७२, तब्बल ४० वर्षं, सरकारी आरोग्यसेवेने कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न देता नुसता पाहत ठेवला, तेही पेनिसिलिन हाताशी आल्यावरसुद्धा. तिसरा आपल्याच क्षेत्राचा: जोनाथन मेट्झल यांचं 'द प्रोटेस्ट सायकोसिस' (२०१०). मिशिगनमधल्या आयोनियाच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या जुन्या नोंदींवरून स्किझोफ्रेनियाचं निदान नागरी हक्क चळवळीच्या काळात कृष्णवर्णीय पुरुषांकडे कसं सरकत गेलं, ते त्यात आहे. गटाला एकच पुस्तक घ्यायचं असेल तर मी हेच सांगेन. त्याला जोड म्हणून अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २९ ऑक्टोबर २०२१ला केलेला माफीचा ठराव आणि त्याच्यासोबतची कालक्रमणिका वाचा. दोन्ही ऑनलाइन फुकट मिळतात.

वाचताना प्रत्येकाने एक कालखंड घ्यावा, दहा मिनिटांत मांडावा आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं: त्या काळात मी असते तर केस नोटमध्ये काय लिहिलं असतं, आणि ते मला योग्य का वाटलं असतं? हा प्रश्न ठेवला नाही तर 'तेव्हाचे लोक वाईट होते' एवढ्यावर बैठक उरकते.

पहिल्या बैठकीला टर्व्हलॉन आणि मरे-गार्सिया यांचा १९९८चा 'कल्चरल ह्युमिलिटी'वरचा (समोरच्याच्या संस्कृतीबद्दल आपल्याला सगळं कळतं असं न मानता शिकत राहणं) छोटा लेख ठेवा. आत्मचरित्रं आणि कंपन्यांतल्या विविधता-प्रशिक्षणाची पुस्तकं या सहा महिन्यांपुरती बाजूला ठेवा. ती वाईट आहेत म्हणून नाही, पण सेशनमध्ये पुढचं वाक्य कोणतं बोलायचं हे त्यांतून कळत नाही.

---

निदानानंतर

वरच्या वाटणीशी सहमत. साधनांबद्दल लिहिते.

सुरुवात डीएसएममधल्या (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यूने करा, म्हणजे क्लायंट आपली समस्या आपल्या पार्श्वभूमीतून कशी बघतो हे विचारणाऱ्या मुलाखतीने. १६ प्रश्न आहेत आणि अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या साइटवर फुकट मिळतात. पण नुसता वाचून दाखवला तर वर्णद्वेष हातातून निसटतो. सातवा प्रश्न बघा. समस्या वाढवणारे ताण विचारायचे आहेत, आणि क्लायंटला वाचून दाखवायच्या वाक्यात उदाहरणं आहेत पैशांची अडचण आणि घरातले प्रश्न यांची. भेदभावाचा उल्लेख फक्त मुलाखत घेणाऱ्याच्या सूचनांच्या रकान्यात आहे, तोही 'हेही विचारू शकता' अशा स्वरूपात. म्हणून सातव्या प्रश्नाला आपलं वाक्य जोडा: 'कामावर, शाळेत, पोलिसांकडून किंवा दवाखान्यात वर्णामुळे वेगळी वागणूक मिळते का?' सोळावा प्रश्न थेट तुमच्या-त्यांच्या नात्याबद्दल आहे. वेळ संपली म्हणून तोच वगळला जातो, त्यामुळे कमी वेळ असेल तेव्हा तो आधी घ्या. आणि ही मुलाखत सगळ्या क्लायंटची घ्या, गोऱ्यांचीही. फक्त 'वेगळ्या' दिसणाऱ्यांना विचारलं तर तो प्रश्नच शिक्का मारल्यासारखा होतो.

वर्णद्वेषाने झालेल्या आघातासाठी दोन साधनं माहीत हवीत. मोनिका विल्यम्स आणि सहकाऱ्यांची 'अनरेस्ट्स' ही अर्धरचित मुलाखत (२०१८): ती आधी ओळखीच्या जडणघडणीबद्दल विचारते, मग उघड वर्णद्वेष, जवळच्या माणसांनी सोसलेला, इतरांबद्दल ऐकलेला-पाहिलेला आणि आडून केलेला अशी पुढे जाते, आणि शेवटी पीटीएसडीची (आघातानंतर टिकून राहणाऱ्या ताणाच्या आजाराची) लक्षणं तपासते. दुसरी रॉबर्ट कार्टर यांची ५२ विधानांची प्रश्नावली. ही पहिल्या सेशनला हातात देऊ नका. ती भरताना क्लायंटला आठवणीतले सगळ्यात ठळक प्रसंग लिहावे लागतात. ५० मिनिटांच्या सेशनमध्ये ४०व्या मिनिटाला ती पुढे केली, तर माणूस उघडी जखम घेऊन दाराबाहेर पडतो. सुरुवातीलाच द्या, निदान अर्धा तास बोलायला ठेवा.

आता अडचण. पीटीएसडीच्या पहिल्या निकषात मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा, प्रत्यक्ष किंवा धमकीच्या स्वरूपात, असावी लागते. वर्षानुवर्षं चाललेला अपमान त्यात बसत नाही. मग थेरपिस्ट 'ॲडजस्टमेंट' (बदलाशी जुळवून घेता न येण्याचं सौम्य निदान) लिहून मोकळा होतो आणि कारण कागदावर येतच नाही. तिथे झेड६०.५ हा निदानाच्या यादीतला कोड जोडता येतो, भेदभाव किंवा छळाचं लक्ष्य झाल्याचा. मुख्य निदान म्हणून त्यावर विमा कंपनी सहसा पैसे देत नाही, तो जोडीला लिहायचा असतो. त्याच्या अधिकृत नावात 'वाटलेला' अशा अर्थाचा शब्द कंसात आहे. क्लायंट स्वतःची नोंद वाचू शकतो, म्हणून तो शब्द तिथे का आहे आणि तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे की नाही, हे लिहिण्याआधी तोंडाने सांगा.

आणि सगळ्यात महाग पडणारी चूक: सावधपणाला संशयभ्रम समजणं. अमेरिकेतल्या अभ्यासांच्या २०१८च्या एका एकत्रित विश्लेषणात स्किझोफ्रेनियाचं निदान कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे २.४ पट आढळलं. रचित (ठरावीक प्रश्नांच्या) मुलाखती वापरल्यानेही हा फरक फारसा कमी झाला नव्हता, म्हणजे फॉर्म बदलून भागत नाही. समजा क्लायंट म्हणतो, 'मॅनेजर माझी प्रत्येक चूक लिहून ठेवतोय.' नोटमध्ये शब्द लिहिण्याआधी चार गोष्टी विचारा. हे कशावरून कळलं? त्याच जागी काम करणाऱ्या इतर कृष्णवर्णीयांनाही तसं वाटतं का? हा अविश्वास सगळ्यांबद्दल आहे की विशिष्ट माणसं आणि संस्थांपुरता? वेगळा पुरावा समोर आला तर मत थोडं तरी हलतं का? अविश्वास नेमका, इतरांनाही जाणवणारा आणि हलणारा असेल, तर तो बहुधा अनुभवातून आलेला शहाणपणा आहे. यातलं काहीच नसेल तर पुढे तपासा. खरा सायकोसिस (वास्तवाशी संबंध तुटणं) 'संस्कृती'च्या नावाखाली सोडून देणं हाही अन्यायच.

---

मुका_क्षण

सरावाबद्दल. वर्णाचा विषय थेरपिस्टने आपणहून काढणं, यावर नॉर्मा डे-व्हाइन्स आणि सहकाऱ्यांचं २००७पासूनचं काम आहे. त्यांनी थेरपिस्टांच्या पाच तऱ्हा सांगितल्या आहेत. एका टोकाला विषय टाळणारे, मग एकदाच विचारून कर्तव्य उरकणारे, मग इच्छा आहे पण जमत नाही असे, त्यापुढे कामात सहज मिसळणारे, आणि दुसऱ्या टोकाला थेरपीबाहेरही त्यासाठी उभे राहणारे. पहिल्या सराव-बैठकीत प्रत्येकाने आपली तऱ्हा ओळखावी. बहुतेक जण दुसऱ्यात निघतात.

नंतर तिघांचा गट करा: थेरपिस्ट, क्लायंट, निरीक्षक. पाच जण असाल तर तिघं आणि दोघं. दोघांच्या गटात निरीक्षकाचं काम फोनच्या रेकॉर्डिंगवर सोपवा. चार मिनिटं संवाद, तीन मिनिटं टिपणं, मग तोच संवाद पुन्हा. प्रसंग बदलायची घाई नको. तेच वाक्य तिसऱ्या वेळी अंगात भिनतं. वाक्य साधारण असं:

'आपण दोघं वेगळ्या पार्श्वभूमीतून आलोय. मी भारतीय आहे, तुम्ही कृष्णवर्णीय. तुमचं काही माझ्या लक्षात येणार नाही, असं होऊ शकतं. तसं झालं तर मला ऐकायला आवडेल. या त्रासाशी वर्णाचा काही संबंध आहे असं तुम्हाला वाटतं का?'

एवढं बोलून गप्प बसायचं. निरीक्षकाने घड्याळ लावून थेरपिस्ट स्वतःबद्दल किती सेकंद बोलला ते मोजावं. २० सेकंदांच्या पुढे गेलं की समोरचा 'नाही नाही, तुम्ही छान आहात' म्हणून तुम्हालाच धीर देऊ लागतो आणि विषय तिथेच मिटतो. क्लायंट 'नाही, काही संबंध नाही' म्हणाला तर 'ठीक आहे, पुढे वाटलं तर दार उघडं आहे' एवढंच. सराव मात्र इंग्रजीतच करा. हे वाक्य मराठीत गोड येतं, पण सेशन इंग्रजीत आहे आणि जीभ तिथे अडखळते.

दोन बैठका निव्वळ चुकीच्या दुरुस्तीला द्या. २०१४च्या एका अभ्यासात विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातल्या १२० क्लायंटपैकी ५३ टक्क्यांनी थेरपिस्टकडून मायक्रोअग्रेशन (नकळत बोलण्या-वागण्यातून होणारा छोटा अपमान) झाल्याचं सांगितलं. त्यांतल्या जवळपास ७६ टक्क्यांच्या बाबतीत त्यावर सेशनमध्ये कधी बोलणंच झालं नव्हतं. जिथे बोलणं होऊन ते मिटलं होतं, तिथलं थेरपीतलं नातं मायक्रोअग्रेशन न झालेल्यांच्या तोडीचं होतं.

सरावाला प्रसंग घ्या: क्लायंट सांगते, ऑफिसातल्या बाईंनी न विचारता केसांना हात लावला. थेरपिस्ट म्हणतो, 'कुतूहल असेल हो.' क्लायंट खाली बघते आणि झोपेच्या तक्रारीवर वळते. ती वळली तो क्षण पकडायचा. 'थांबा. मी आत्ता त्यांची बाजू घेतली. तुम्ही सांगत होता ते मी लहान केलं. ते ऐकताना कसं वाटलं?' त्यात 'माझा हेतू तसा नव्हता' आलं की दुरुस्ती फसली, कारण मग क्लायंटला हेतू मान्य करत बसावं लागतं. माफी एकदाच, छोटी. पुढच्या सेशनच्या सुरुवातीला एका वाक्यात पुन्हा विचारा. आणि 'हे वर्णद्वेषी का आहे, मला समजावून सांगाल?' हे कधीच नको. शिकवणी क्लायंटच्या पैशांनी नाही.

---

उजळणी

एक भर. पाचही जण भारतीय म्हणून मिळणारं बहुतेक साहित्य तुम्हाला अर्धवट बसेल, कारण ते गोऱ्या थेरपिस्टला समोर धरून लिहिलेलं असतं. क्लायंट म्हणेल, 'तुम्हीही ब्राऊन, तुम्हाला कळेलच.' तिथे मान डोलावली की पुढचं ऐकणं बंद. 'काही कळेल, काही मुळीच नाही. तुमच्या बाबतीत नेमकं काय होतं ते सांगा,' असं म्हणा.

आणि एक बैठक आपल्या भाषेवर ठेवा. 'उजळ', 'सावळी असली तरी नाकीडोळी नीटस', 'काळी पण तरतरीत' हे शब्द घरात कुणाबद्दल, कोणत्या सुरात ऐकले, ते प्रत्येकाने लिहून आणायचं. त्यातला 'तरी' आणि 'पण' अधोरेखित करा. कृष्णवर्णीयांबद्दल घरात काय बोललं जायचं, तो वेगळा कागद. हे पाचांतच बोलायचं, क्लायंटपुढे कधीच नाही.

---

तिसरी_खुर्ची

सगळ्यांचे मनापासून आभार. सातव्या प्रश्नाचं कधीच लक्षात आलं नव्हतं. दोन शंका: दोन बैठकांत फायली तपासायच्या म्हणजे नेमकं काय बघायचं? आणि बाहेरचा कृष्णवर्णीय सल्लागार बोलवावा का?

---

निदानानंतर

फायली: प्रत्येकाने बंद झालेल्या शेवटच्या दहा काढाव्यात, नावं झाकून. चार रकाने करा. वर्णाची नोंद क्लायंटला विचारून केली की बघून? वर्णाचा विषय कितव्या सेशनला निघाला, आणि कुणी काढला? नोटमध्ये 'गार्डेड' (हातचं राखून बोलणारा), 'होस्टाइल' (शत्रुत्वाने वागणारा), 'नॉन-कम्प्लायंट' (सांगितलेलं न पाळणारा) हे शब्द कुणासाठी आले? थेरपी ठरवून संपली की क्लायंट यायचा थांबला, आणि कितव्या सेशननंतर? दहा फायलींतून टक्केवारी काढू नका, तेवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. पण 'होस्टाइल' लिहिलेली प्रत्येक नोट गटात मोठ्याने वाचा आणि त्या जागी क्लायंटने नेमकं काय केलं ते लिहून बघा: 'आवाज चढवला', 'दोन प्रश्नांना उत्तर दिलं नाही'. हे पहिल्या महिन्यात एकदा आणि सहाव्यात एकदा करा, म्हणजे तुलना करता येईल.

सल्लागार जरूर बोलवा, पण सराव-बैठकांना, इतिहास शिकवायला नाही. आपल्या नेहमीच्या सुपरव्हिजनच्या (अनुभवी थेरपिस्टकडून कामाचं मार्गदर्शन घेण्याच्या) दरापेक्षा कमी देऊ नका, रक्कम आधी लेखी ठरवा. आणि रेकॉर्डिंग दाखवणार असाल तर क्लायंटची लेखी संमती त्या माणसासाठी वेगळी घ्या. पहिल्या इनटेकच्या संमतीपत्रात ती आपोआप धरू नका.