कुलंट कमी होतंय, पण बाहेर गळती नाही. हेड गॅसकेट उडाली हे नक्की कसं ठरवायचं?

घाटरस्ता_११

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, रनिंग १ लाख १८ हजार किमी. महिनाभरापासून कुलंट (इंजिन थंड ठेवणारा रेडिएटरमधला द्रव) कमी होतंय, आठ-दहा दिवसांत साधारण अर्धा लिटर. गाडीखाली एक थेंबही दिसत नाही. सपाट रस्त्यावर टेंपरेचरचा काटा मधोमध असतो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागला की तो पाऊण भागापर्यंत जातो आणि उतारावर परत खाली येतो. सकाळी पहिल्या स्टार्टला दहा-पंधरा सेकंद मिसिंग होतं (एखादा सिलिंडर पेटत नाही), मग इंजिन सुरळीत चालतं. ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट सायीसारखा थर आहे. डिपस्टिकवरचं ऑइल मात्र स्वच्छ.

गॅरेजमध्ये झाकण बघूनच सांगितलं की गॅसकेट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सीलचा थर) गेली, हेड उतरवावं लागेल. उतरवण्याआधी खात्री कशी करायची?

पाना_नंबर_१४

झाकणावरच्या सायीवरून हेड उतरवू देऊ नका. पावसाळ्यात चार-पाच किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील तर इंजिन पुरतं तापत नाही. आतली वाफ झाकणाला लागून थंड होते आणि ऑइलशी मिसळून तो थर धरतो. तासभर हायवेला चालवली की पुष्कळदा निघूनही जातो.

पण डिपस्टिक स्वच्छ आहे म्हणून गॅसकेट शाबूत आहे, असंही नाही. सिलिंडर आणि पाण्याची (कुलंटची) वाट यांच्या मधोमध फुटली तर ऑइल शेवटपर्यंत स्वच्छ राहू शकतं. तुमच्या लक्षणांत मला सगळ्यात बोलकं वाटतं ते सकाळचं मिसिंग. गरम गाडी बंद केली तरी कूलिंग सिस्टिममध्ये दाब राहतो. त्या दाबाने कुलंट थेंबथेंब सिलिंडरमध्ये उतरतं, प्लग ओला होतो आणि सकाळी तेवढा एक सिलिंडर उशिरा पेटतो.

आधी स्वस्तातल्या गोष्टी वगळा. रेडिएटर कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. सुमारे १ बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब धरला जात नाही, चढावर कुलंट उकळून बाहेर जातं आणि थेंब गाडीखाली दिसत नाही. पंखा वेळेवर लागतो का, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कुलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व) पूर्ण उघडतो का, रेडिएटरच्या खालच्या भागात थंड पट्टा राहतो का, हेही बघा. केबिनमध्ये गोडसर वास किंवा पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं येत असेल तर हीटरचा रेडिएटर गळतोय.

मग थंड इंजिनची चाचणी, रात्रभर उभ्या गाडीवर. सकाळी कॅप उघडताना फुस्स आवाज आला तर कान टवकारा. थंड झाल्यावर कुलंट आकसतं, दाब उरायला नको. उरला असेल तर तो बहुतेक सिलिंडरमधल्या गॅसचा. कॅप लावून इंजिन चालू करा आणि वरचा जाड होज पाइप हातात धरा. पाइप अजून थंड असताना दीड-दोन मिनिटांत दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही. बुडबुडे बघायचे असतील तर इंजिन पुन्हा थंड असताना कॅप काढूनच चालू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. नुकतंच कुलंट भरलेल्या गाडीत अडकलेली हवाही काही वेळ निघत राहते, त्यावरून फसायला होतं. हवा थोड्या वेळात संपते, गॅसकेटचे बुडबुडे संपत नाहीत आणि रेस दिली की वाढतात.

गरम इंजिनची कॅप कधीही उघडू नका.

फिलर_गेज

वरच्या चाचण्यांनी संशय पक्का होतो, जागा कळत नाही. त्यासाठी पुढचं.

हातपंपाच्या टेस्टरने थंड सिस्टिमवर कॅपवरच्या आकड्याइतकाच दाब द्या, जास्त नको, आणि वीस मिनिटं काटा बघा. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर रात्रभर दाब तसाच ठेवा. सकाळी चारही प्लग काढून मगच स्टार्टर फिरवा, कॉइलची आणि इंजेक्टरची जोडणी काढून ठेवून. ज्या सिलिंडरमध्ये कुलंट उतरलंय त्याच्या भोकातून फवारा येतो. प्लग न काढता फिरवलं आणि आत पाणी साठलेलं असलं, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुसरी, निळ्या द्रवाची. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा द्रवातून ओढायची. कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत निळा द्रव पिवळा होतो, डिझेलमध्ये हिरवट. आधी कुलंट दोन इंच खाली काढा, कारण द्रवात कुलंट शिरलं की चाचणी वाया. द्रव जुना असेल तर त्यात तोंडाने फुंकून बघा, श्वासाने रंग बदलला पाहिजे. इंजिन पूर्ण तापवून दोन-अडीच हजार आरपीएमला काही मिनिटं ठेवल्याशिवाय ‘पास’ मानू नका. काही भेगा तापल्यावरच उघडतात.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबून तयार होणारा दाब) घेताना चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज केलेली, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. आकड्यापेक्षा फरक बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकसारखे पडलेले असतील तर गॅसकेट त्या दोघांच्या मधल्या पट्टीवर फुटली आहे. एकच पडला असेल तर चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा वर आला तर दोष पिस्टन रिंगांचा.

घाटरस्ता_११

दोघांचेही आभार. सगळं दुसऱ्या गॅरेजमध्ये करून घेतलं. कॅप नवी बसवली, पंखा आणि थर्मोस्टॅट ठीक. टेस्टरचा दाब १.१ बारवरून वीस मिनिटांत ०.८ झाला, बाहेर ओल नाही. निळा द्रव तीन मिनिटांत पिवळा. कॉम्प्रेशन पीएसआयमध्ये १ ते ४ असं: १७६, १७४, १६६, १७३. म्हणजे कॉम्प्रेशन तर चांगलं आहे! तीन नंबरचा प्लग मात्र वेगळा दिसतो. बाकीच्या तिघांची पोर्सलीन फिकट बदामी, ह्याची पांढरीशुभ्र, नुकती धुतल्यासारखी.

फिलर_गेज

तो प्लगच साक्षीदार आहे. कुलंटची वाफ पोर्सलीनवरचा कार्बन धुऊन काढते. कॉम्प्रेशन चांगलं आलं यात विसंगती नाही, बारीक वाटेतून स्टार्टरच्या वेगाला फार हवा निसटत नाही.

आता तीन नंबरला लीकडाउन करून घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते बघायचं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व बंद, गाडी गियरमध्ये, चाकांना उटी. सुमारे ७ बार हवा द्या. पिस्टन नेमका टोकाला नसेल तर इंजिन झटक्याने फिरतं, म्हणून क्रँकवरचा पाना आधी काढा. रेडिएटरच्या तोंडाशी कुलंटची पातळी चढून बुडबुडे आले तर गळती पाण्याच्या वाटेत. सायलेन्सरमधून फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व, थ्रॉटलमधून म्हणजे इनटेक व्हॉल्व, ऑइलच्या तोंडातून म्हणजे रिंगा.

बुडबुडे आलेच तरी ‘गॅसकेट’ हा शब्द अजून पक्का नाही. हेडला तडा असला तरी चाचण्यांचे निकाल हेच येतात. फरक हेड खाली आल्यावरच कळतो.

लेथ_आणि_फेसिंग

हेड उतरवण्यावर मी लिहितो, कारण काम बिघडतं ते इथे. गॅसकेटचा भाग तुलनेने स्वस्त, मजुरी मोठी. पंधरा दिवसांत हेड परत उतरवायला लागणं कुणालाच परवडत नाही.

इंजिन पूर्ण थंड असतानाच बोल्ट ढिले करायचे, कडेपासून मध्याकडे, थोडे थोडे. उतरलेली गॅसकेट फेकू देऊ नका. तीन नंबरच्या कड्यापासून पाण्याच्या भोकापर्यंत काळी रेघ गेलेली दिसली की गळतीची वाट सापडली.

मग सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) घेऊन हेड लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासा. ब्लॉकचा माथाही तसाच, तो बरेच जण विसरतात. कमाल वाक गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम हेडना ०.०५ मिमी, म्हणून ०.०५ची पात पट्टीखालून सरकली तर फेसिंगला (लेथवर पृष्ठभाग सपाट करायला) द्या. त्याआधी गरम पाण्यात दाबाची चाचणी घ्यायला सांगा. तडा निघाला तर फेसिंगचे पैसे वाया.

ब्लॉकवरची जुनी गॅसकेट ग्राइंडरच्या खरखरीत चकतीने घासू देऊ नका. चकतीची पूड ऑइलच्या वाटेत जाऊन बेअरिंग खाते, शिवाय पत्र्याच्या थरांच्या गॅसकेटला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. प्लॅस्टिकची पट्टी आणि सॉल्व्हंट वापरा, वेळ लागला तरी चालेल. बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा कुलंट राहिलं तर बोल्ट आवळताना तेच दाबलं जातं. टॉर्क (आवळण्याचा जोर) खोटा दाखवतो आणि ब्लॉकलाही तडा जाऊ शकतो.

अंशात फिरवून आवळायचे बोल्ट ताणले जातात, ते नवेच घ्या. मॅन्युअलमधल्या क्रमाने, मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने. ‘हाताचा अंदाज आहे’ असं कुणी म्हणालं तर काम थांबवा, टॉर्क रेंच नसलेल्या ठिकाणी हेड बसवू नये.

कुलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा. ऑइल आणि फिल्टर त्याच वेळी बदला.

डिझेलवाला

डिझेलवाल्यांसाठी एवढंच: कुलंट गुपचूप कमी होत असेल तर ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा परत इंजिनात जाणारा गॅस कुलंटने थंड करणारा भाग) आणि ऑइल कूलर आधी तपासा. ईजीआर कूलर आतून फुटला की कुलंट एक्झॉस्टमधून जातं आणि पांढरा धूर हुबेहूब गॅसकेटसारखा दिसतो. फेसिंग केलेल्या हेडला गॅसकेट घेताना जाडी बघा. बऱ्याच डिझेल इंजिनांत कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ती ओळखता येते.

घाटरस्ता_११

लीकडाउन झालं. तीन नंबरला हवा दिल्याबरोबर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे, बाकी कुठूनही आवाज नाही. शनिवारी हेड उतरवतोय. नवे बोल्ट आणि गॅसकेट आणून ठेवली आहे, लेथवाल्याशी दाबाच्या चाचणीचं बोलणं झालंय. हेडचे आणि जुन्या गॅसकेटचे फोटो इथेच टाकतो.