'स्नूप' करणारीला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ: एक इंग्रजी कथा मराठीत आणतेय. भाडेकरू कामावर गेली की घरमालकीण तिच्या खोलीत शिरून 'स्नूप' करते, म्हणजे गुपचूप तिच्या वस्तू बघते. मी 'नाक खुपसते' लिहिलं. आई म्हणाली, "नाक खुपसायला समोर कुणी नको का?" तिथेच अडलेय.

पंचवटीकर: आईंचं बरोबर आहे. आमच्या वाड्यात दोन्ही नमुने होते. एक काकू भर नळावर विचारायच्या, "सुनेला दिवस गेलेत का गं?" हा भोचकपणा. दुसऱ्या जिन्यातल्या चपला बघून कुणाकडे कोण आलंय ते ओळखायच्या आणि चकार शब्द काढायच्या नाहीत. तुमची घरमालकीण या दुसऱ्या काकू.

रविवार कारंजा: हेरगिरी हा चांगला शब्द असताना एवढा काथ्याकूट कशाला?

पंचवटीकर: हेरगिरीला बहिर्जी नाईक लागतात हो.

कॉलेजरोड: आम्ही सरळ म्हणतो, "माझा फोन स्नूप करू नकोस." कळतं सगळ्यांना.

रविवार कारंजा: कळलं म्हणजे मराठी झालं?

कॉलेजरोड: टेबल झालंच की.

मखमलाबाद: या शब्दाचं मूळ डच, 'स्नूपन': गोडधोड चोरून खाणं. १८४८च्या बार्टलेटच्या अमेरिकी शब्दकोशात 'स्नूप' म्हणजे दुसऱ्यासाठी ठेवलेलं गुपचूप खाणं. दुधाच्या खोलीत शिरून पातेल्यातलं दूध पिणारा नोकर, हे त्याचं उदाहरण. वर शेरा, की हा शब्द खास न्यूयॉर्कचा. असणारच, ते आधी डचांचंच गाव. डचमध्ये गोळ्या-चॉकलेटला आजही 'स्नूप'च म्हणतात.

पंचवटीकर: म्हणजे गोकुळात बाळकृष्ण स्नूप करायचा!

सिडको: माझी आजी म्हणायची, "माझं कपाट कुणी उचकलं?" उचकापाचक करणे. घ्या की हा. नाहीतर चिवडणे.

गोदाकाठ: 'उचकापाचक' आवडला. पण त्यात पसारा होतो ना? ही बाई सगळं जागच्या जागी ठेवते.

रविवार कारंजा: चिवडणे वरूनच चिवडा आला असेल का?

सिडको: कशावरून? चिवडा कुणी चिवडत नाही, हलक्या हाताने कालवतात. पोहे मोडले तर घरात भांडण होतं.

कॉलेजरोड: नाशिकच्या चिवड्यात तळलेला कांदा हवाच, बाकी व्युत्पत्ती तुमची तुम्ही बघा.

गोदाकाठ: अहो, माझी घरमालकीण अजून खोलीतच उभी आहे.

रविवार कारंजा: थांबू द्या तिला. तळलेला कांदा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, त्याचं काय करता?