शारजाची शाळा सोडून दुबईत जाताना व्हिसाचे कागद: डिग्री कोल्हापूरची, बी.एड. बेळगावचं

निपाणीकर_गणित

नमस्कार मंडळी. गाव निपाणीजवळ. शारजातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतो. दुबईतल्या एका शाळेची एप्रिलपासूनची ऑफर आली आहे. बी.एस्सी. गडहिंग्लजच्या कॉलेजातून, म्हणजे शिवाजी विद्यापीठाची. बी.एड. बेळगावात, २००९ चं. इथं लागताना फक्त बी.एस्सी.चं अटेस्टेशन (डिग्री खरी असल्याचे सरकारी शिक्के) झालं होतं. नवी शाळा बी.एड.सुद्धा अटेस्ट करून मागते. व्हिसा शाळेचा आहे, बायको आणि मुलगी माझ्या व्हिसावर आहेत. करारात नोटीस ६० दिवसांची.

बी.एस्सी.चं सगळं परत करावं लागेल का? बी.एड.साठी कागद बेंगळुरूला पाठवायचे की मुंबईला? आणि राजीनामा, व्हिसा रद्द करणं, नवा परमिट यांचा क्रम काय ठेवायचा?

---

धारवाड_रोड

सर, बी.एस्सी.ला हात लावू नका. मूळ डिग्रीवर अमिरातीच्या वकिलातीचा आणि तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का असेल तर नोकरी बदलली म्हणून तो बाद होत नाही. फक्त मूळ कागद तुमच्याच ताब्यात आहे ना, हे आजच बघा. शाळेच्या फाइलीत असेल तर राजीनाम्याआधी मागून घ्या. कामगाराचे अधिकृत कागद मालकाने अडकवून ठेवायला तिथल्या कायद्यात बंदी आहे, पण राजीनाम्यानंतर तेच काम लांबतं.

आता बी.एड. आपल्या सीमाभागात सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. घर कर्नाटकात, डिग्री महाराष्ट्रातली, दुसरी डिग्री परत कर्नाटकातली. राज्याची सही घराच्या पत्त्यावर ठरत नाही, कागद कुणी दिला त्यावर ठरते. शिवाजी विद्यापीठाचा कागद असेल तर मुंबई, बेळगावचा असेल तर बेंगळुरू. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं म्हणून एजंटाकडे दोन्ही एकदम दिले, तर एक हमखास परत येतो.

दुसरी गोष्ट वर्षाची. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये झालं. त्याआधी बेळगावची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे तुमचं २००९ चं प्रमाणपत्र धारवाडचं. पडताळणीसाठी भुतरामनहट्टीला, म्हणजे राणी चन्नम्मा विद्यापीठात, जाऊन उपयोग नाही, धारवाडलाच अर्ज करायचा.

क्रम असा धरा. आधी विद्यापीठाकडून प्रमाणपत्र खरं असल्याचं पत्र. मग बेंगळुरूला राज्याच्या उच्च शिक्षण खात्याची सही. मग भारताचं परराष्ट्र मंत्रालय. तिथं कागद आपल्या हातून घेत नाहीत, नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावा लागतो. मग अमिरातीची वकिलात. शेवटी अमिरातीत पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, त्याची फी एका कागदाला १५० दिरहाम. कुणी ‘अपोस्टील करून देतो, स्वस्तात होईल’ म्हणालं तर नको म्हणा. अपोस्टील म्हणजे वकिलातीच्या सहीऐवजी चालणारा एकच शिक्का. तो ओमान, बहरीन आणि २०२२ च्या डिसेंबरपासून सौदीला चालतो. अमिरातीला वकिलातीची सही लागतेच.

कागद परत येण्याची कारणं ठरलेली आहेत:

- प्रोव्हिजनल सर्टिफिकेट पाठवलं. पदवीदानाचंच लागतं. बी.एड. झाल्यावर ते काढायचंच राहून गेलं असेल तर पहिला अर्ज त्याचा.
- प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. घरी इस्त्री फिरवून काढायला जाऊ नका, शाई उठते. नाही निघालं तर विद्यापीठाकडून दुय्यम प्रत काढा.
- विद्यापीठाच्या पत्रात ‘रेग्युलर, पूर्ण वेळ’ असा उल्लेख नाही. गुणपत्रकावर इंटर्नल आणि एक्स्टर्नल असे दोन रकाने असतात. समकक्षता (डिग्री तिथल्या डिग्रीच्या बरोबरीची आहे का) तपासणारे ‘एक्स्टर्नल’ बघून बाहेरून परीक्षा दिली असं समजतात. २०१८ च्या सुमारास याच कारणाने कितीतरी भारतीय शिक्षकांचे अर्ज अडकले होते. पत्रात शिक्षणाची पद्धत, कॉलेजचं नाव आणि सुरुवात-शेवटाच्या तारखा लिहून मागा.

तुम्ही शारजात, म्हणजे मूळ कागद कुरियरने गावी येणार आणि दुसरं कुणीतरी फिरणार. त्या माणसाच्या नावे सही केलेलं अधिकारपत्र आणि तुमच्या पासपोर्टची प्रत सोबत पाठवा. सहा ते आठ आठवडे धरून चाला. एप्रिलला रुजू व्हायचं तर जानेवारीत सुरुवात म्हणजे उशीरच.

---

वडगावची_ताई

क्रमाबद्दल मी सांगते.

नुसत्या ऑफरच्या ईमेलवर राजीनामा देऊ नका. कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर येऊ द्या. त्यातला मूळ पगार आणि भत्ते वेगळे वाचा, कारण ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम) फक्त मूळ पगारावर मिळते. शारजाची शिक्षक-मंजुरी दुबईत चालत नाही. नवी शाळा केएचडीएकडे (दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख करणारं सरकारी खातं) नव्याने अर्ज करते आणि तो अर्ज तुमच्या बी.एड.वर अडू शकतो. म्हणून आधी बी.एड. मार्गी लावा, मग राजीनामा.

कायद्याने नोटीस ३० ते ९० दिवसांची असू शकते, तुमची ६० ची. ३१ मार्च शेवटचा दिवस हवा असेल तर फेब्रुवारी-मार्च मिळून सहसा ५९ च दिवस होतात. जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लेखी राजीनामा द्या, त्यात शेवटचा दिवस तारखेने लिहा आणि पोच घ्या. तोंडी बोलणं धरू नका. नोटीस न देता निघालात तर तेवढ्या दिवसांचा पगार भरावा लागतो, आणि कामावरून पळाल्याची तक्रार झाली तर वर्षभर नवा परमिट मिळत नाही. सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये असणाऱ्यांचा नियम वेगळा आहे: अमिरातीतच दुसरीकडे जायचं तर ३० दिवस आणि देश सोडायचा तर १४ दिवस आधी लेखी.

शेवटच्या दिवसानंतर आधी वर्क परमिट रद्द होतो, मग रहिवास (देशात राहायचा व्हिसा). रद्दीच्या कागदावर ‘माझी सगळी देणी मिळाली’ असं वाक्य असतं. पैसे खात्यात पडल्याशिवाय सही करू नका. करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळं चुकतं करणं शाळेवर बंधनकारक आहे. हिशेब स्वतः करून ठेवा: पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. मूळ पगार ४,००० दिरहाम आणि नोकरी तीन वर्षं असेल तर ४,००० भागिले ३०, गुणिले २१, गुणिले ३, म्हणजे ८,४००. स्वतःहून राजीनामा दिला म्हणून आता यात कपात होत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या कायद्याने ती काढली.

रद्द झाल्यावर देशात किती दिवस राहता येतं ते त्याच कागदावर छापलेलं असतं. प्रवर्गानुसार ते बदलतं, म्हणून मित्राला किती मिळाले त्यावर तिकीट काढू नका. पुढे रोज ५० दिरहाम दंड. त्या मुदतीत नव्या शाळेचा परमिट, देशातच स्टेटस बदल (बाहेर न जाता नव्या व्हिसावर जाणं), वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडीचे ठसे आणि रहिवास असं पुढे जातं. तपासणीत रक्त आणि छातीचा एक्स-रे असतो. पासपोर्टवर आता स्टिकर लागत नाही, आयडीच पुरावा.

‘परमिट येईल, तोवर वर्गावर उभे राहा’ असं नवी शाळा म्हणाली तर ठाम नकार द्या. २०२४ च्या दुरुस्तीनंतर परमिटशिवाय कामाला लावणाऱ्याला एक लाख ते दहा लाख दिरहाम दंड आहे, आणि चौकशीत तुमचंही नाव येतं.

एक छोटं काम बहुतेक जण विसरतात. बेरोजगारी विमा. २०२३ पासून सक्तीचा आहे, मूळ पगार १६,००० पर्यंत असेल तर महिन्याला पाच दिरहाम. घेतला नसेल तर ४०० दिरहाम दंड, आणि तो भरेपर्यंत नवा परमिट निघत नाही. आज रात्रीच ऑनलाइन बघून टाका. बँकेचं कर्ज असेल तर शेवटचा पगार जमा व्हायच्या आधी बँकेला नव्या नोकरीचं पत्र द्या, नाहीतर खातं गोठवतात.

---

निपाणीकर_गणित

धन्यवाद, खूप उलगडलं. दोन शंका राहिल्या. शिवाजी विद्यापीठाच्या कागदावर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. बी.एड.वर वडिलांचं नाव नुसत्या अक्षरात आहे. पासपोर्टात पूर्ण नाव आणि आडनाव वेगळं. चालेल का? आणि बायको-मुलीच्या व्हिसाचं काय?

---

धारवाड_रोड

नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा अडत नाही. आद्याक्षर अडू शकतं, म्हणून धारवाडच्या पत्रातच पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव लिहून देतात का ते विचारा. अर्जासोबत पासपोर्टची आणि दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा. नाही जमलं तर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करावं लागेल, पण नुसत्या नोटरीवर भागत नाही. त्यालाही राज्य, मंत्रालय आणि वकिलात अशी तिन्ही ठिकाणं फिरवावं लागतं. आडनावाच्या स्पेलिंगमध्येच फरक असेल तर पासपोर्ट किंवा प्रमाणपत्र दुरुस्त करून घेणं पुढच्या प्रत्येक नोकरीला उपयोगी.

पासपोर्टात जन्मस्थळ ‘बेलगाम’ आणि नव्या कागदांत ‘बेळगावी’ असेल तर प्रतिज्ञापत्र करत बसू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून ते सरकारी नाव बदललंय. प्रत्येक अर्जात पासपोर्टात आहे तेच लिहा, विषय संपला.

---

वडगावची_ताई

घरच्यांचे व्हिसा तुमच्या रहिवासावर टांगलेले आहेत. ते आधी रद्द करा किंवा होल्डवर (रद्द न करता तात्पुरते थांबवून) ठेवा, त्याशिवाय तुमचा रद्द होत नाही. होल्डचंच विचारा, म्हणजे दोघींना देशाबाहेर जावं लागणार नाही. दुबईचा रहिवास आल्यावर त्यांचा अर्ज दुबईतून नव्याने होईल. पगार किमान ४,००० दिरहाम, किंवा ३,००० आणि राहायची सोय, असं असावं लागतं. सोबत नोंदवलेला भाडेकरार आणि अटेस्ट केलेले लग्नाचे, जन्माचे दाखले. मुलीचा जन्म कोल्हापूरच्या दवाखान्यात असेल तर तो दाखला महाराष्ट्राचा, हे लक्षात असू द्या.

सुट्टीत गावी येणार असाल तर भारताचा पोलीस दाखलाही नव्या शाळेला विचारून ठेवा. २०२२ च्या सप्टेंबरपासून त्याचा अर्ज पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही घेतात, फी ५०० रुपये. पासपोर्टावरचा पत्ता जुना असेल तर पडताळणी त्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यात जाते.

---

खानापूर_लोंढा

पुढे वाचणाऱ्या शिक्षिकांसाठी एक भर. नवऱ्याच्या व्हिसावर राहून शाळेत शिकवत असाल तर शाळा बदलताना रहिवास रद्द करायचा नसतो. जुन्या शाळेने फक्त वर्क परमिट रद्द करायचा, नवी शाळा नवा काढते. नवऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं. जुन्या शाळेचा कारकून सवयीने रहिवास रद्दीचाही फॉर्म पुढे करतो, त्यावर सही करू नका. आणि अनुभवपत्र घ्याल तेव्हा त्यात विषय, इयत्ता आणि दोन्ही तारखा पाहिजेत. ‘शिक्षिका म्हणून काम केले’ एवढ्यावर भागत नाही, दुसरं पत्र मागत परत त्याच शाळेच्या दारात जावं लागतं.